वैजूनं पुसलेला डाग

"ह्यो फोटू माझ्या पोरीचा न्हाई!"

पत्र्याच्या पलीकडून लंकाबाईचा आवाज आला आणि माझ्या हातातलं भज्याचं पीठ हातातच राहिलं. पाथर्डीच्या वाटेवर आमचा फाटा आहे. तिथं माझं भज्याचं दुकान आणि वैजनाथचा फोटो स्टुडिओ, मध्ये एकच पत्रा. तिकडचा शब्द इकडं यायला कुणाला विचारत नसे.

"काकू, तुमचीच जया हाय. नीट बघा तरी," वैजनाथ म्हणाला.

"मग गालावरचा डाग कुठं गेला?"

"काढला की कम्प्युटरवर. शाळंच्या फोटूत डाग बरा दिसतो व्हय?"

"तुला कुनी सांगितलं रं काढाया? माझ्या चुलीचा डाग हाय त्यो. रांगती पोर पाचटाच्या कोपीत ठिवून मी ऊस तोडाया गेल्ते. पुसायचाच आसंल तर मी पुसंन. तू कोन?"

वैजू हसला. लंकाबाईनं फोटो तिथंच टाकला आणि माझ्याकडं न बघता तरातरा निघून गेली. तेव्हा जया चौथीत होती.

वैजू मनानं वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तो पोरांसाठी जीव टाकायचा. बुड टेकवून बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. चहासुद्धा उभ्यानं, अर्धा कप. बारा गावच्या शाळांचे फोटो त्याच्याकडं. मोटारसायकलला एक निळी पिशवी लटकलेली असायची. तिच्यात एक पांढरा सदरा, पाठीमागून वरपासून खालपर्यंत कापलेला. पोरगं बारकं असो की थोराड, सदरा पुढून चढवायचा आणि मागं चिमटे लावायचे. वर रबराचा टाय. पुढून साहेब, मागून उघडी पाठ! मग दोऱ्याला बांधलेला कंगवा फिरायचा, दोन बोटांनी हनुवटी वर व्हायची, आणि वैजू म्हणायचा, "पापनी हलवू नको."

त्या सदऱ्याचं तिसरं बटन निळं होतं. आमच्या भागातल्या कुठल्याही पोराचा फॉर्म काढा, छातीवर निळं बटन सापडणारच. त्याची बायको रतनबाई रोज संध्याकाळी तो एकच सदरा धुवायची आणि म्हणायची, "माझ्या नवऱ्याला तीनशे लेकरं हायती, आन् कपडा एक."

त्याच्या स्वतःच्या दहावीच्या फोटोत फाटकी कॉलर आली होती. पोरं वर्षभर हसली. ते त्यानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी काढलं नाही.

यंदा जया दहावीला. दसरा झाला तसे तिचे आईबाप श्रीरामपूरकडं ऊसतोडीला गेले, ही आजीजवळ राहिली. बोर्डाच्या फॉर्मचा फोटो वैजूनंच काढला. मी तेव्हा त्याचा चहा घेऊन दारात उभी होते.

"काका, डाग ऱ्हाऊ द्या. आई रागवंल," पोरगी म्हणाली.

"आई कुठं बघती तुझं हॉलतिकीट?" म्हणत यानं पुसला. हाताची सवय.

पहिल्या पेपरच्या दिवशी दहाला त्याचा फोन वाजला. शाळेतले रामहरी सर होते. वैजूनं ऐकलं आणि पत्र्यावर थाप मारली. "मावशी, जयाला आत घेईनात. म्हनत्यात, फोटूतली पोरगी ही न्हवं. साडेधाला फाटक लावत्यात!"

त्यानं फळीवरून एक काडेपेटी उचलली. कॅमेऱ्याची कार्डं तो काडेपेटीत ठेवायचा, वर शाळेचं नाव लिहून. कार्डावरचं काही कधी पुसायचा नाही. मला म्हणाला, "कॅमेरा धरा आन् बसा मागं." मी पंच्याहत्तरीची, गॅस तरी बंद केला का ते आठवेना. सगळ्या वाटेनं मी देवाचं कमी आणि त्या गॅसचंच जास्त म्हणत होते.

फाटकात जया उभी होती. ओढणीनं गाल झाकलेला. मघाशी तपासणीच्या बाईंनी ओढणी काढायला लावली होती, म्हणून तर सगळं उघडं पडलं.

"फोटोत डाग नाही, तोंडावर आहे," परीक्षा केंद्राचे साहेब म्हणाले. "मी कशावरून मानू?"

"साहेब, मी हिला पाळन्यापासून वळखते," मी म्हटलं.

"तुम्ही कोण आजी?"

"भजीवाली."

"भजीवालीच्या सहीनं परीक्षा होत नाही."

"सही लिहाया मला येळ लागतो, पन करते की."

ते हसले नाहीत. वैजू घाईघाईनं कॅमेऱ्यात कार्ड घालत होता, ते दोनदा खाली पडलं. आतून पहिली घंटा झाली. रामहरी सर घड्याळ बघत होते. शेवटी त्या बारक्या पडद्यावर जया उजळली. निळ्या बटनाचा सदरा आणि गालावर डाग, चुलीतल्या निखाऱ्याएवढा.

"ह्यो मूळचा फोटू साहेब. डाग म्या पुसला. पोरीची चूक न्हाई. ती नगं म्हनत हुती."

साहेबांनी एकदा पडदा पाहिला, एकदा जयाचं तोंड. "हे लिहून द्या. सरांनी खाली सही करा." वैजूनं सगळ्यांदेखत, पोरांच्या आईबापांच्या गर्दीत, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. जया पळत आत गेली. ओढणी तिच्या खांद्यावरून खाली पडली, ती उचलायलाही थांबली नाही.

परत आल्यावर गॅस बंदच होता. वैजू बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. भज्याची ताटली तशीच.

"मावशी, किती पोरं झाकली आसतील म्या?"

"खा आधी."

"न्हाई, सांगा ना. किती?"

त्या दिवसापासून तो काडेपेट्या उघडत बसला. मूळचे फोटो छापायचे आणि ज्याच्या-त्याच्या घरी नेऊन द्यायचे. छातीत दुखायचं त्याच्या, दिवाळीपासूनच. नगरच्या डॉक्टरनं ऑपरेशनसाठी सोमवार दिला होता. शनिवारी रतनबाई दारात आडवी उभी राहिली. "गप घरात बसा. कुठं निघाला?"

"श्रीरामपूरला. एकच फोटू हाय. आलोच."

सोमवारी तो नगरला गेला, तो घरी परत आला नाही. शनिवारचं मला लंकाबाईनं सांगितलं, त्याच्या दहाव्याला आली तेव्हा.

ती उसाची मोळी टाकून कोपीकडं आली तर हा दारात उभा. घामानं भिजलेला. हातात जयाचा फोटो. लंकाबाईनं लुगड्याला हात पुसले, फोटो उन्हाकडं धरला.

"हां," ती म्हणाली. "ही माझी." मग म्हणाली, "आलाच हायस तर माझाबी काढ. जन्मात काढला न्हाई. पर त्यो सदरा नगं. हाय तशी काढ."

वैजूनं निळी पिशवी उघडलीच नाही. तिला कोपीसमोर उलट्या घमेल्यावर बसवलं, दोन बोटांनी हनुवटी वर केली.

"पापनी हलवू नका," म्हणाला, आणि बटन दाबलं. कार्ड काढून रिकाम्या काडेपेटीत ठेवलं, वर तिचं नाव लिहिलं. चहा दिला तो उभ्यानंच घेतला, अर्धा कप.