गच्चीवरचे आबा

माझं लग्न कावळ्यांमुळे ठरलं.

(पत्रिका, गुण, देणं-घेणं वगैरे सगळं रीतसर झालं, नाही असं नाही. पण ते नंतर. आधी कावळे.)

तेव्हा मी जळगावात कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. पण ते पगारापुरतं. मनाने मी शास्त्रज्ञ होतो! स्टेशनवरच्या पुस्तकाच्या टपरीत इलेक्ट्रॉनिक्सचं एक मासिक यायचं, ते हातात पडलं की मला जेवण सुचायचं नाही. त्यातल्या आकृत्या बघून मी सोल्डरिंग आयर्न तापवायचो आणि घरातले लोक देव आठवायचे. दाराची घंटा मी अशी सुधारली की बटण दाबलं की आमच्याकडे शांतता, आणि शेजारच्यांच्या रेडिओवर मात्र खरखर. माठातलं पाणी संपलं की लाल दिवा लागावा, अशीही सोय केली. दिवा लागायचा. पण माठ भरलेला असताना. आणि तो लागला की माय माठाला हातच लावायची नाही, शेजारून पाणी मागून आणायची.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, या सगळ्याबद्दल एक ठाम मत होतं आणि ते सबंध गल्लीला पाठ होतं. कारण आबांचा आवाज! आबांची उभी हयात पारोळ्याजवळच्या शेतात गेली. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची सवय. माझ्या नोकरीपायी ते जळगावला राहायला आले, शेत तिकडेच राहिलं, आवाज मात्र अहिराणीसकट सोबत आला. दोन खोल्यांच्या घरात तो मावेना. आबा नुसतं "मीठ दे" म्हणाले तरी चार घरं सोडून कोणीतरी दचकून मिठाची बरणी उचलायचं.

तर, उन्हाळा आला आणि बिबडे आले.

बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. पहाटे पीठ लसूण, तीळ, मिरची घालून भल्यामोठ्या पातेल्यात शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आणि गच्चीवर खाटेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर उन्हात टाकायचं. वाळलेला बिबडा तळून खातात, हे परगावच्या लोकांना सांगायचं. खरी चव अर्धवट वाळलेल्या, मऊ, उन्हाने कोमट झालेल्या बिबड्याला. हे खानदेशातल्या माणसाला कळतं, तसंच खानदेशातल्या कावळ्यालाही कळतं.

आमच्या गल्लीचा एक रिवाज होता. बिबड्यांच्या दिवशी दारात जो कोणी येईल, मग तो पोस्टमन असो की वीजबिलवाला, त्याच्या हातावर एक अर्धवट वाळलेला बिबडा ठेवायचाच. आणि बाईमाणूस आलं तर तिला थेट गच्चीवर न्यायचं, म्हणायचं, तुझ्या हाताने उचल. तिने आपल्या हाताने उचलून खाल्ला की ती घरचीच झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

त्या वर्षी कावळ्यांनी इतका उच्छाद मांडला होता की माय दिवसभर गच्चीवर काठी घेऊन बसायची. एका दुपारी तिला तसं बसलेलं बघून मला प्रेरणा झाली. प्रेरणेचं एक आहे, ती जळगावच्या मे महिन्यात झाली तर ती प्रेरणा आहे की ऊन लागलंय हे ओळखणं अवघड जातं. मला सुचलं ते असं: बिबड्यांच्या मधोमध एक छोटा डबा ठेवायचा. त्या डब्याला उजेड ओळखणारा एक डोळा. ऊन पडलंय तोवर डोळा गप्प. त्यावर सावली पडली, म्हणजे कोणीतरी वाकलंय, की टेपरेकॉर्डर चालू! सावली हटली की बंद. आणि टेपमध्ये आवाज? तो शोधायला मला गल्लीबाहेर जावं लागलं नाही.

आदल्याच आठवड्यात आबांचं शेळीवरून भांडण झालं होतं. शेळी शेजाऱ्याची, भिंत आमची, आबा दारात. ते भांडण मी खिडकीत टेप ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून घेतलं. कोरी कॅसेट घरात नव्हती, म्हणून आबांच्याच भजनाच्या कॅसेटवर. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. मायला एवढंच माहीत होतं की पोराने कावळ्यांसाठी काहीतरी डबा ठेवलाय, आणि माठाच्या दिव्याच्या अनुभवावरून तिने त्याला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

धूळ जाऊ नये म्हणून टेपरेकॉर्डर मी खताच्या रिकाम्या गोणीत घालून सुतळीने शिवून टाकला. वीज गेली तरी कावळे येतात, या दूरदृष्टीने आत सेलही घातले. (माझी दूरदृष्टी नेहमी चांगली होती. जवळचं दिसायचं नाही.)

आता देवपूर. धुळ्याला देवपुरात मी एक मुलगी पाहून आलो होतो, मंगल तिचं नाव. मुलगी मला पसंत होती, आणि मी तिच्याकडच्या पंख्याची खरखर चहा थंड होईस्तोवर दुरुस्त करून आलो असल्यामुळे मीही त्यांना बरा वाटलो असणार. अडलं होतं एका ठिकाणी. मंगलच्या आत्याच्या, म्हणजे अक्कांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं की सासरा तापट आहे. अक्का म्हणजे त्या घरातलं हायकोर्ट. मंगलचे वडील शाळेतले गुरुजी, पण अक्का बोलल्याशिवाय ते फळ्यावर तारीखही लिहीत नसत. तेव्हा अक्का आणि गुरुजी स्वतः घर पाहायला येणार, आणि मग काय ते ठरणार. माझ्या जिवाला तर घोर लागला होता, कारण त्या पंख्याखाली मंगल एकदाच हसली होती आणि तेव्हापासून माझं सोल्डरिंग वाकडं येत होतं.

मायने आबांपुढे हात जोडले. पाहुणे आहेत तोवर एक शब्द बोलायचा नाही. आबांनी विचारलं, मग काय करायचं? मायने त्यांच्या तोंडात सुपारीचं मोठं खांड दिलं.

पाहुणे दुपारनंतर यायचे होते. तोपर्यंत बिबडे आवरून, डबा उचलून मी मोकळा होणार होतो. पण अक्कांनी विचार केला, लोकांचं घर सांगितल्या वेळेला पाहण्यात काय अर्थ? त्या सकाळच्याच एसटीने निघाल्या. मी सायकलवर पेढे आणायला गेलो होतो. परत आलो तर दारात कोल्हापुरी चपलांचे दोन जोड. आत खुर्चीवर गुरुजी, समोर पाटावर आबा, गाल फुगलेला, तोंड बंद, चेहऱ्यावर हसू. असं हसू मी आबांच्या तोंडावर फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं. मला वाटलं, जिंकलो!

आणि अक्का?

"तुमच्या आईंनी वर नेलंय त्यांना," गुरुजी म्हणाले. "बिबडा उचलायला."

माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा कधी पडला ते मला आजही माहीत नाही. कारण त्याच क्षणाला गच्चीवरून गल्ली हादरली.

"कोन शे रे तो? दुसराना घरनं खावाले लाज नही वाटस का? चाल, निंघ आठून!"

पाठोपाठ जिन्यावर पावलं. अक्का खाली आल्या, रिकामा हात तसाच पुढे धरलेला. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा पाटावर. सुपारी गालात. मग वर पाहिलं. मग परत आबांकडे.

"भाऊ, तुम्ही आठे शेतस," त्या म्हणाल्या, "मंग वर कोन शे?"

गुरुजी गडबडून म्हणाले, "अक्का, आबा माझ्यासमोरून हललेले नाहीत. आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. खरं सांगायचं तर मला त्याचीच काळजी वाटायला लागली होती."

आता गंमत अशी, की माणसाला जगातले सगळे आवाज ओळखू येतात, एक स्वतःचा सोडून. अख्ख्या गल्लीने तो आवाज ओळखला होता. ओळखला नव्हता फक्त आबांनी! त्यांच्या हिशेबाने कोणी एक उपटसुंभ आपल्या गच्चीवर चढून आपल्या पाहुणीला चोर म्हणत होता. त्यांनी सुपारी थुंकली, मौन मोडलं, आणि ते जिना चढले. मागोमाग मी, माझ्यामागे गुरुजी, आणि आता घाबरण्यापेक्षा बघण्यात जास्त रस वाटू लागलेल्या अक्का.

वर कोणी नव्हतं. नुसती खाट, तिच्यावर बिबडे, मधे डबा, खाली गोणी, बाजूला कोपऱ्यात काठी धरून गोठलेली माय. आबा चालत खाटेपाशी गेले आणि त्यांची सावली डब्यावर पडली.

"मन्हाच दारमा येईसन मालेच दम देस का?" गोणी म्हणाली.

आबा चमकून मागे झाले. सावली हटली, गोणी गप्प. आबा पुन्हा पुढे झाले. "मन्हा पाव्हनासले शिव्या देस? हाई मन्हं घर शे!"

"आवाज खाले कर," गोणी म्हणाली.

"तू कर!" आबा ओरडले आणि तावातावाने एक पाऊल मागे आले. गोणी गप्प झाली. आबांना वाटलं, घाबरला. म्हणून ते पुन्हा पुढे गेले.

"तुन्हासारखा बहु दखेल शेतस मी," गोणी म्हणाली.

टेप जिथे थांबत होता तिथूनच पुढे बोलत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य नवं, आणि प्रत्येक वाक्य चपखल. आसपासच्या गच्च्या भरल्या. ज्याची शेळी होती तो शेजारीही आला आणि आपलंच भांडण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बुचकळ्यात पडला. आबांना आयुष्यात वरचढ आवाजाचा माणूस भेटला नव्हता. आज भेटला, आणि आबा हरत होते! या सगळ्या गोंधळात शांत होता एकच जण. डब्याच्या शेजारी बसून एक कावळा बिबडा खात होता. त्याची सावली इतकी लहान, की माझ्या डब्याच्या डोळ्याला ती कधी दिसलीच नव्हती.

मी धावलो आणि प्लग उपटला. गोणी बोलतच राहिली. (सेल. दूरदृष्टी.) बटण दाबावं, तर बटण आत, गोणी शिवलेली. शेवटी मी डबा आणि गोणी दोन्ही काखेत मारली आणि जिन्याकडे पळालो, की खाली नेऊन कुठेतरी गाडून टाकावी.

आमचा जिना अंधारा होता.

सावली पडली की बोलायचं, एवढंच त्या यंत्राला मी शिकवलं होतं. अंधार म्हणजे त्याच्या दृष्टीने सबंध जगावर पडलेली सावली! आता ते थांबेचना. शेळीचं झालं, शेजाऱ्याच्या बापजाद्यांचं झालं. मी खालच्या खोलीत येईपर्यंत भांडण संपून आबा घरात वळल्याचंही टेपने सांगायला घेतलं. ते मी कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या काखेतून आबा मायला सांगत होते:

"आनि त्या बापूले सांगी दे. तारा जोडीसन पोट भरस नही. असा येडाले कोन पोर देई?"

मग क्षणभर खरखर झाली, आणि झांजा वाजू लागल्या. पुसायचं राहून गेलेलं भजन.

बापू म्हणजे मी. खोलीच्या मधोमध उभा होतो. काखेत भजन चालू होतं. जिन्यातून एकेक जण उतरून समोर उभा राहिला. आबांनी गोणीला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता खरा आवाज निघणार. पण आबा एकदम बारीक आवाजात मायला म्हणाले, "मी असा बोलस?"

"नही," माय म्हणाली. "मशीनमा जरा धीरे आयकू येस."

झांजा तेवढ्या वाजत होत्या. मंगल, पंखा, तिचं ते हसू, सगळं मला धुळ्याच्या एसटीत बसून परत जाताना दिसायला लागलं. मग अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि गोणीकडे बघून, जणू तिनेच प्रश्न विचारला होता, अशा थाटात म्हणाल्या, "आम्ही देसूत पोर."

गुरुजींनी चष्मा काढला. अक्कांनी त्यांना समजावलं. घर पाहायला गेलं की लोक पेढे दाखवतात, पितळी भांडी दाखवतात, गोड बोलतात. कोण कसं आहे ते कळायला पोरीला वर्षं घालवावी लागतात. इथे घर स्वतःच बोललं! सासरा आहे तो असा आहे, आणि आज तो स्वतःचंच ऐकून नरमलाय. सासू घाबरत नाही. राहता राहिला पोरगा, तर तो येडा आहे हे त्याच्या बापानेच कबूल केलंय, पुढे कोणी फसवलं म्हणायला नको. "आनि मन्हा बिबडा राही गया," असं म्हणून त्या पुन्हा गच्चीवर गेल्या, आणि कावळ्याला हाकलून, आपल्या हाताने उचलून एक बिबडा खाल्ला.

आबा त्या दिवसानंतर हळू बोलायला लागले. म्हणजे हाक आता दोनच घरांपर्यंत जायची.

ते यंत्र लग्नानंतर मंगलने माळ्यावर टाकलं. मी बरंच समजावलं, सुधारता येईल म्हणालो, सावलीचं माप बदलतो म्हणालो. ती म्हणाली, गरज नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता, आता कळतं. इतकी वर्षं झाली, मी दुपारी सगळे झोपलेत असं बघून, पाय न वाजवता, बिबड्यांच्या डब्याकडे हात नेला, की घरातल्या कुठल्याही खोलीतून तिचा आवाज येतो: "ठेवा तो खाली." ना सेल, ना टेप, ना तारा. वीज असो नसो, ऊन असो नसो, एकदाही चुकलेलं नाही. माझं सगळं घर शोधून झालं. डोळा कुठे बसवलाय तेवढं मात्र मला अजून सापडलेलं नाही.