पाचवा फ्लोट

आमच्या ह्यांचे मोतीबिंदू पिकून दोन वर्षं झाली, आणि ऑपरेशन अडलं होतं एका प्लास्टिकच्या गोळ्यापायी.

हे शाळेच्या पोहण्याच्या तलावावर सव्वीस वर्षं नोकरीला आहेत. पोरं ह्यांना ‘पाणीमास्तर’ म्हणतात. तलावाच्या कडेला एक छोटा हौद आहे, त्याच्या झाकणाला कुलूप आणि किल्ली ह्यांच्या खिशात. तलावातलं पाणी पाइपातून त्यात येतं, त्यावर तो प्लास्टिकचा गोळा, म्हणजे फ्लोट, तरंगतो. तलावातलं पाणी कमी झालं की फ्लोट खाली येतो आणि नळ आपोआप सुरू होतो. म्हणजे व्हायला हवा. ह्यांच्याकडे गेली दोन वर्षं तो धड होतच नसे. मग हे रोज सकाळी जाऊन हाताने नळ सोडत आणि पाणी काठालगतच्या निळ्या फरशीच्या पट्ट्याच्या मधोमध येईपर्यंत तासभर उकिडवे बसून राहत. पाणी त्याखाली गेलं तर पाणी गाळणारा पंप हवा ओढतो आणि जळतो.

डॉक्टरांनी तारीख दिली की ह्यांचं उत्तर ठरलेलं. “फ्लोट नीट होऊ दे, मग बघू.” दोन वर्षांत चार फ्लोट बदलले. प्लंबर नवा बसवून जाई, दोन दिवस तो गुणी बाळासारखा चाले, तिसऱ्या दिवशी ठप्प. फ्लोट बनवणाऱ्यांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील!

गेल्या महिन्यात ह्यांना कड दिसली नाही आणि हे कपड्यांसकट पाण्यात पडले. घरी येऊन मला सांगतात, “जरा पोहून आलो.” बुटांसकट! माझं डोकंच फिरलं. पाचवा फ्लोट मी समोर उभी राहून बसवून घेतला.

तिसऱ्या दिवशी तोही ठप्प. मी प्लंबरला घेऊन तडक तलाव गाठला आणि ह्यांना हौद उघडायला लावला.

त्याने फ्लोट वरखाली करून पाहिला. “वहिनी, ह्यात काही खोट नाही. पण तलावात पाणी दोन बोटं कमी आणि हौद मात्र भरलेला. असं कसं?” त्याने पाइपाच्या तोंडात हात घातला आणि एक घट्ट वळलेला बोळा ओढून काढला. माझं ओटा पुसायचं फडकं होतं ते. कालपासून मी ते घरभर शोधत होते.

हौदातलं पाणी उतरलं, फ्लोट खाली आला, नळ धो धो वाहू लागला. प्लंबर शहाणा, पाना आणायच्या निमित्ताने बाहेर गेला.

“अहो, हे तुम्ही कोंबलंत?”

“हो.”

“दर वेळी?”

“दर वेळी. प्लंबर यायच्या आधी काढून ठेवायचो.” मला इतका संताप आला की ते ओलं फडकं ह्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. एकेका तारखेसाठी मी दवाखान्यात तासन्‌तास ताटकळले होते.

“भीती वाटते गं,” हे म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. “आत्ता निदान अंधुक तरी दिसतं. तेवढंही गेलं तर?”

“आणि त्या दिवशी पडून डोकं फुटलं असतं तर?”

“मी चार दिवस आलो नाही तर तलावाचं कोण बघणार?”

“तलावाला फ्लोट आहे,” मी म्हणाले. “मला कोण आहे?”

  ह्यांनी खिसा चाचपून हौदाची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.