तीन पेडल आणि गावाचे कान

गेल्या लगीनसराईत आमच्या बँडच्या मालकानं मला मंडपामागे बोलावून चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट ऐकायचंय. हा माणूस कारणाशिवाय कुणाला पाणीसुद्धा विचारत नाही.

"भाऊ, राग मानू नका," तो म्हणाला. "पण तुमची गिटार ऐकूच येत न्हाई. कीबोर्डवाला एक बटन दाबतो आन गिटार वाजती. मग तुमाला कशापाय न्यायचं?"

"म्हणजे बंद करू?"

"तसं कुठं म्हणतोय मी? निमगाव साव्याच्या हळदीपर्यंत बघा. कीबोर्डातनं निघणार न्हाई असा कायतरी आवाज काढा. न्हाई निघाला तर पुढच्या लग्नाला पावणं म्हणून या. जेवून जा."

एवढं बोलून त्यानं माझ्या हातातला रिकामा कपही काढून घेतला.

खरं सांगतो, अर्धं मन म्हणालं, बरं झालं. पिंपरी पेंढारला माझं मोटर भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटरींतून काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हे दिवसभर. मग हात धुऊन, अंगाला वार्निशचा वास तसाच घेऊन, गिटार गळ्यात घालायची. डावा खांदा आता पट्टा बघूनच कुरकुरायला लागतो. पण आपण होऊन सोडणं वेगळं आणि जेवायचं आमंत्रण देऊन काढणं वेगळं. वीस वर्षं वाजवतोय. गिटार ऐकून एकानंही मान वळवलेली मला आठवत नाही. एकदा वळू दे, मग खुशाल घरी बसेन, असं ठरवलं.

यावर उपाय एकच, फझ. फझ म्हणजे पायानं दाबायची एक लहानशी लोखंडी डबी. गिटारचा सरळमार्गी आवाज तिच्यात शिरतो आणि फाटून, जाड होऊन, दातओठ खात बाहेर पडतो. नारायणगावात जुने स्पीकर दुरुस्त करणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे असे तीन पेडल धूळ खात पडले होते. एक लाल, एक निळा आणि एक हिरवा, ज्याचा रंग निम्मा उडालेला.

"यातला चांगला कुठला?" मी विचारलं.

"मला समदे सारखेच वाटत्यात. घरी न्या, वाजवून बघा. एक ठेवा, दोन परत आणा."

रविवारी दुपारी अंगणात गिटार जोडली, लाल पेडलवर पाय ठेवला आणि जाडी तार मोठ्या थाटात छेडली. स्वर पुरता विरायच्या आत शेजारी कुंपणावरून उडी मारून हजर.

"आरं बंद कर! बेरिंग गेलं तुझं!"

आमच्याकडच्या माणसांचे कान विहिरीच्या मोटरीला बांधलेले असतात. जेवताना घास हातात थांबतो आणि माणूस तीन शेतांपलीकडचं ऐकून सांगतो, "पाणी धरलं न्हाई तिनं." याच कानांवर माझं दुकान चालतं, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार?

मी गिटार दाखवली. शेजाऱ्यानं ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि ओट्यावर मांडी ठोकून बसला. मी निळा पेडल जोडला.

"आता एक फेज गेलाय," त्यानं निदान केलं.

"राव, ही गिटार आहे."

"असंल की. पन फेज गेलाय."

पुढचे तीन दिवस दुकान बंद केलं की मी त्या डब्यांपुढे बसायचो. बटणं डावीकडे फिरवली की डास, उजवीकडे फिरवली की फवारणीचा पंप. दिवसभर मोटरी ऐकून आलेल्या कानांना रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा मोटरीच ऐकवायच्या, ही शिक्षा मी स्वतःला का देतोय, हेही कळेनासं झालं. लाल बरा की निळा, हे ठरवता ठरवता एकदा भिंतीला टेकून बसल्या जागी झोपलो. डाव्या हातानं तारा दाबलेल्याच होत्या.

हिरवा शेवटी राहिला होता. बायको ज्वारी निवडत बसली होती. मी एक सावकाश सूर लावला. तिचा हात सुपात थांबला.

"बोल," मी म्हणालो. "बेअरिंग की फेज?"

"ही कुठल्याच मोटरची न्हाई."

"मग कशाची?"

"माणसाची हाय. घसा बसलेल्या." ती पुन्हा खडे वेचू लागली. "अहो, हाच ठेवा. आन आता जेवा, मला भांडी घासायचीत."

लाल आणि निळा दुसऱ्या दिवशी परत गेले.

निमगाव साव्याला मंडप शेतातच होता, विहीर मागे पन्नास पावलांवर. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती आणि पाहुण्यांच्या टाक्या भरायला पाण्यातली मोटर चालू होती. नवरदेवाचा बाप कानापर्यंत हळदीनं माखून पोरींमध्ये नाचत होता. तिसऱ्या गाण्यात मालकानं मला डोळ्यानं खूण केली. मी पोट आत घेतलं, मान उंच केली आणि हिरव्या पेडलवर असा पाय ठेवला, जणू वाघच मारलाय.

सूर भोंग्यांतून बाहेर पडला. नवरदेवाचा बाप एक हात वर तसाच धरून थिजला.

"मोटर!" तो ओरडला. "मोटर बंद करा, जळाली!"

आणि धोतर सावरत विहिरीकडे धावला. मागून त्याचे दोन भाऊ, त्यांच्या मागून हळद लावायला आलेला निम्मा गाव. टाकीत पडणारं पाणी थांबलं. मंडपात उरलो आम्ही, बायका आणि ढोलकी कवटाळून बसलेला ढोलकीवाला. मालकानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली कळली. कपही परत घेणारा माणूस तो.

थोड्या वेळानं मंडळी धापा टाकत परतली.

"मोटर तर चांगलीय की!" बाप म्हणाला. "मग वराडत कोन व्हतं?"

मी हळूच हात वर केला.

एक म्हातारी फिसकन हसली आणि सगळा मंडप फुटला. मालकाचं गणित चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं माईक उचलला.

"मंडळी, हात जोडून इनंती हाय. आता जो आवाज येईल तो आमच्या भाऊंच्या गिटारचा हाय. कुनी इहिरीकडं पळू नये!"

"वाजवा भाऊ," नवरदेवाचा बाप कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला. "आता ऐकूनच जातो."

मी वाजवलं. कीबोर्डवाल्यानं पट्ट्यांवरून हात काढले. बसलेल्या घशाचा तो सूर मुखड्यावरून अंतऱ्याला गेला, परत आला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ताडपत्रीपर्यंत एकूण एक डोकं माझ्याकडे वळलेलं होतं. काही जण अजून हसत होते. बहुतेक जण ऐकत होते. खांद्यातून कोपरापर्यंत कळ उतरत होती. आता सोडव म्हणून मी मालकाकडे पाहिलं, तर तो बोट गरगर फिरवून सांगत होता, अजून एकदा, अजून एकदा.

मी पट्टा वर ओढला आणि मुखडा पुन्हा धरला.