फोटोतली बाई कोण होती

शनिवार-रविवार जोडून सुट्टी होती आणि संभाजीनगरात दोन प्रदर्शनं लागली होती. जुन्या वस्तुसंग्रहालयात हिमरूचं कापड, आणि गारखेड्यातल्या एका नव्या कलादालनात बहात्तरच्या दुष्काळातले फोटो. मी सिल्लोडला शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे जायचं ठरलंच. माझे वडील, आबा, म्हणाले, "मी बी येतो. आत्याकडं मुक्काम करू."

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, दुपारी ऊन सोसत नाही. आबांना वयामुळे तिकीट नाही, मला अर्धं. फुलंब्रीला थांबून आम्ही पोहे खाल्ले. हिमरू बघायला तासभर पुरतो. विणीवरची चमक दिसावी म्हणून खिडकीकडून बघा.

तिथून रिक्षानं गारखेड्याला गेलो. आबा बाहेर बघत होते. "इथं आमची मेंढरं बसायची. का पलीकडं? काय उमगंना." दोन्हीकडे अपार्टमेंटच होती.

कलादालनात प्रवेश मोफत, फोटो काढायला मनाई. चौथ्या की पाचव्या फोटोपाशी आबा थांबले. खडी फोडणारी एक बाई, पदर कपाळावर, नजर कॅमेऱ्याकडे. खाली लिहिलेलं: 'दुष्काळी कामावरील अनोळखी स्त्री'.

"ही तुझी माय हाय," आबा म्हणाले.

मी दोन वर्षांची असताना आई गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मी त्या बाईच्या चेहऱ्यात माझं नाक शोधलं, कपाळ शोधलं. सापडल्यासारखं वाटलं, मग वाटेना. रडू यायला हवं होतं, ते येईना. कुणासाठी रडायचं तेच कळत नव्हतं.

"नक्की का आबा?"

"मेंढरं इकून आमी खडी फोडायलाच गेलो होतो." ते फोटोच्या आणखी जवळ गेले. "व्हय. तीच असंल."

रविवारी सकाळी आत्याला घेऊन परत गेलो. तिनं चष्मा पुसून फोटो पाहिला. "वहिनीच्या हनुवटीवर गोंदण होतं, दादा. हिच्या नाय."

"होतं व्हय?" आबांनी विचारलं. त्यांना ते आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी भिंतीकडे पाहत राहिले.

"मला तरी तसंच याद हाय," आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

दालन सांभाळणाऱ्या बाईंनी आमचं बोलणं ऐकलं होतं. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "काका, नाव सांगा. खाली लिहू आपण."

आबांनी तोंड उघडलं, पण नाव घेतलं नाही. "नको बाई. दुसऱ्या कुणाची माय असली तर? तिचं लेकरू येईल बघायला."

बाईंनी त्या फोटोची एक प्रत आम्हाला दिली. संध्याकाळच्या गाडीनं सिल्लोडला आलो. ती प्रत आठ दिवस टेबलावर होती. आता कपाटात, माझ्या साड्यांखाली आहे. आबा तिच्याबद्दल विचारत नाहीत.

आजवर आई म्हटलं की माझ्यासमोर काहीच यायचं नाही. आता त्या बाईचा चेहरा येतो. तो दूर सारावा, तर तिथं ठेवायला माझ्याकडे दुसरा चेहरा नाही.