ओसरीवरचं कोहळं
त्या वर्षी मी इतकी थकले होते, की आपल्याच हातानं वाढवलेल्या कोहळ्याचं कौतुक करायचंही जिवावर यायचं. लाखनीकडच्या आमच्या गावात धानाची रोवणी आटोपली की बाया दोन दिवस तरी पाठ टेकायच्या. मी मात्र मागच्या उकिरड्यावर, वेलापाशी. भांड्यांचं धुवण, शेणाचा काला, सगळं त्याच्या बुडाशी ओतायचं. भंडाऱ्याच्या शेतकी प्रदर्शनात सगळ्यात मोठं कोहळं आपलं असावं, असं सासऱ्यांच्या मनानं घेतलं होतं. म्हणून वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची कोवळी असतानाच खुडायची. ठरवलं त्यांनी, खुडली मी.

बी माझ्या माहेरचं, आंबागडचं. आईनं पदराच्या गाठीत बांधून दिलं आणि पुढच्या वर्षी ती गेली. होतं नव्हतं तेवढं बी मी पेरून बसले होते, आणि माहेरी आता वेल लावणारं कोणी नव्हतं. आईचं म्हणून जे काही उरलं, ते त्या एका कोहळ्याच्या पोटात होतं.

कोहळं बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून ट्रकनं भंडाऱ्याला गेलं आणि पहिलं आलं. सासरे हार घालून परतले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं याहून वेगळं काय असतं! तरी मला बरंच वाटलं. सुटले एकदाची, आता कापतील, बी धुऊन राखेत घोळून ठेवता येईल.

पण कोहळं ओसरीवर मांडलं गेलं. बघायला माणसं यायची, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा लागायचा. धूर खाऊन माझे डोळे चुरचुरायचे.

"मामाजी, आता कापा न. बी पायजे मले."

"कायची घाई हाय, सूनबाई? पाहू दे लोकाइले."

नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणे, बाबा सांगतील तेव्हा. मी कापते म्हटलं, तर सासू अंगावर आल्या. अख्खं कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. त्याच्यावर पहिला घाव पुरुषानंच घालायचा, बाईनं नाही. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. मग मी गप्प बसले. भांडायलाही अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा?

होळीच्या आसपास कोहळ्याखालून पाणी झिरपू लागलं. वास सुटला. बापलेक लग्नाला गेले होते आणि सासू विहिरीवर. मी विळा घेतला आणि घातला.

आत बियांना मोड आले होते. पांढऱ्या मुळ्यांचा नुसता गुंता, आणि मोडही काळे पडून सडलेले. मी कोपरापर्यंत हात घालून एक तरी धड बी शोधत होते आणि रडत होते.

सासू घागर घेऊन आल्या. आता शिव्या पडतील म्हणून मी मानही वर केली नाही.

"तुह्या मायचं बी होतं न व ते? मंग इतले दिवस काहून थांबली?"

"तुमीच त नाही म्हणलं होतं, मामीजी."

त्यांनी घागर खाली ठेवली, माझ्याशेजारी बसल्या, आणि त्या लगद्यात त्याही बी शोधू लागल्या.