बांधावरचा जुळा स्फटिक

किन्हवलीहून सरळगावच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत एक जुनी सुती ओढणी होती, बाकी काही नाही. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर माझी मामेबहीण दिली आहे. तिचे यजमान बारकू भावजी यांनी फोटो पाठवला होता. नव्या विहिरीत सुरुंग लावल्यावर खडकाच्या पोकळीतून काचेसारखा दगड निघाला होता. फोटो पाहून मी ताडकन उठलेच. कॅल्साइटचा जुळा स्फटिक! एकाच रेघेपासून दोन अंगांना वाढलेले दोन स्फटिक, फुलपाखराच्या पंखांसारखे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, तीही भूशास्त्र शिकलेली. तरी असा नमुना फक्त पुस्तकात पाहिलेला. ओढणीत गुंडाळून तो आमच्या कॉलेजच्या नमुन्यांच्या कपाटात न्यायचा, असं मनाशी पक्कं होतं.

सरळगावहून जीपने पाड्यावर पोचले आणि थेट विहिरीकडे गेले. विहिरीपाशी गोणपाटावर तो दगड होता, आणि भावजींचे थोरले भाऊ दामूदादा त्याच्या मधल्या रेघेवर छिन्नी टेकवून बसले होते.

विहीर दोघा भावांची सामायिक, दोघांच्या शेतांमधल्या बांधावर. विहिरीतून निघालेला वेगळा दगड देव्हाऱ्यात ठेवायची त्यांच्या घरची रीत. पण घरं वेगळी झाल्यापासून देव्हारे दोन. मधला आंबासुद्धा त्यांनी फांद्या वाटून घेतलेला.

मी हात आडवा घातला. रेघेवर तो फुटणार नाही, भुगा होईल, म्हटलं.

दामूदादांची बायको हसली. "बारकूची मेव्हणी आली गो. दगड फोडायचा बी कालेजात शिकवतात!"

मी राड्यातून (खणलेल्या मातीदगडांच्या ढिगातून) त्याच जातीचा एक तुकडा उचलून दादांसमोर ठेवला. पाहिजे तिथं मारा म्हटलं. त्यांनी सरळ घाव घातला. तुकडा तिरका फुटला. त्यातलाच एक घेऊन त्यांनी आडवा घाव घातला. पुन्हा तसाच कललेला चौकोन. आणखी बारीक केला, तरी तोच आकार. दादा तळहातावरचे तुकडे बघतच राहिले.

"हे दोन दगड चिकटलेले नाहीत, दादा," मी म्हटलं. "वाढतानाच असे वाढलेत. मधली भिंत दोघांची."

"मंग वाटणीच नाय याची?"

"नाही."

दादांनी छिन्नी खाली ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. जेवणात तांदळाची भाकर आणि सुकट (सुका जवळा) होती. दगड कसा मागायचा, हे मी घासाघासाला जुळवत होते.

हात धुवायला तांब्या घेऊन विहिरीवर आले. दोघे भाऊ ओल्या सिमेंटमध्ये दगड बसवत होते! विहिरीच्या कठड्यात, बरोबर बांधाच्या वर, रेघ बांधाच्या रेघेत. एक पंख दादांच्या शेताकडे, एक भावजींच्या.

"अहो, हा काचेच्या कपाटात ठेवायचा दगड आहे," मी कशीबशी म्हणाले.

"तुजाच सबूद हाय ना बाय," दादा थापी फिरवत म्हणाले, "भिंत दोघांची. मंग भिंतीतच ऱ्हाऊ दे." भावजी दुसऱ्या बाजूने दगड धरून होते. घरं वेगळी झाल्यापासून हे दोघे एका कामाला बसलेले आज पहिल्यांदा बघते, असं बहीण माझ्या कानाशी बोलली.

सिमेंट अजून ओलं होतं. मागितला असता तर कदाचित दिलाही असता. मी पिशवीतून ओढणी काढली आणि दोन्ही पंखांवरचे सिमेंटचे शिंतोडे पुसून दिले.

घरी आईने विचारलं, काय आणलंस? मी ओढणी पुढे केली. सिमेंट वाळून ती कडक झाली होती.