अल्टरमास्तरांनी उसवलेली पाटी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा शिंपी आहे, पण नवा कपडा शिवा म्हटलं की भाऊजींचा चेहरा पडतो. कोऱ्या कापडात त्यांना काही गंमतच वाटत नाही. दुसऱ्या कुणीतरी शिवलेलं आणा, मग बघा त्यांचे डोळे कसे चमकतात! 'रेडिमेड कपडे अल्टर करून मिळतील' हा फलक दुकानावर आहे आणि अख्खी गल्ली त्यांना अल्टरमास्तर म्हणते.

"ताई, कंपनीचं माप जगात कुणालाच होत नाही," हे त्यांचं ठरलेलं प्रवचन. "कंपनी ज्या माणसासाठी शिवते ना, तो माणूस अजून जन्माला यायचाय."

घरात एक वस्तू त्यांनी आली तशी राहू दिलेली नाही. खुर्च्यांचे पाय कापले, पडद्यांच्या उशा केल्या, छत्री आतून ताणून घेतली आणि ती पहिल्याच वाऱ्यात फाटली. माझ्या पर्सला त्यांनी हौसेनं कप्पे लावून दिले. इतके, की दारात उभी राहून मी अजून किल्ली शोधतेय.

धाकटी अगदी उलट. जे जसं आलं ते तसं वापरणारी. नवराही तसाच वापरला म्हणा ना! तिची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली. लोकांचं बोलणं अर्धवट ऐकून ऐकून तिला रहस्यकथांचं वेड लागलं, कारण तिथं निदान शेवट तरी कळतो.

मग तिच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. बघेल तिथं मधोमध धूसर. माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही.

"बरंच झालं," ती मला म्हणाली, "तुझं नाक तसंही सगळ्यांच्या मधे मधे असायचं."

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. अक्षरं मोठी करा आणि वाचता येईल तोवर वाचा. भाचीनं लगेच लांबून ई-रीडर पाठवला. दिसायला शाळेतल्या पाटीसारखा, म्हणून आम्ही त्याला पाटीच म्हणतो. खूण दाबली की अक्षर वाढतं. पण कंपनीनं एक हद्द घालून ठेवलेली. तिथवर वाढतं आणि मग तुम्ही बोट झिजवा, पाटी आपली ढिम्म. काही महिने धाकटीचं छान चाललं. मग ती हद्दसुद्धा धूसर व्हायला लागली. आणि नेमकी तेव्हा ती एका जाडजूड कादंबरीच्या शेवटाशी आलेली. एका डोंगराळ गावात घड्याळजीला कुणीतरी विष घातलंय, आणि कुणी घातलं ते कळेना.

"खुनी सापडल्याशिवाय मी काही आंधळी होत नाही, सांगून ठेवते," ती हसत म्हणायची. पण एका पानाला तिला अख्खी सकाळ लागायची, आणि पाटी मिटली की ती बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसायची. खिडकीतून तिला काय दिसत होतं देव जाणे.

भाऊजींना कुठूनसं कळलं की पाटीतलं कंपनीचं सॉफ्टवेअर बाजूला सारून दुसरं घालता येतं. हौशी लोक घरी बसून ते लिहितात आणि फुकट वाटतात. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं, समास काढून टाकता येतो, ओळी सैल करता येतात.

"म्हणजे अल्टरच की!" भाऊजी खुर्चीतून उठलेच. खुर्ची बुटकी असल्यानं जरा वेळ लागला.

"अहो, हात लावू नका," धाकटी म्हणाली. "दिसतंय तेवढं तरी राहू द्या."

"अगं, उसवल्याशिवाय काही सैल होतं का?"

"आणि फाटलं तर?"

"माझ्या हातून आजवर काही फाटलंय?"

"छत्री," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तर काम सुरू झालं. त्या सॉफ्टवेअरच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं, आपल्या पाटीचं मॉडेल बघा आणि त्याच मॉडेलची फाईल घ्या. मॉडेलचा नंबर पाटीच्या सेटिंगमध्ये असतो, खोक्यावरही असतो. पण ज्या माणसानं जन्मात कधी कॉलरमागच्या नंबरावर विश्वास ठेवला नाही, तो पाटीच्या नंबरावर कसा ठेवणार? भाऊजींनी गळ्यातला टेप काढला. उंची घेतली, रुंदी घेतली, जाडी घेतली. खडूनं टेबलावर आकडे मांडले आणि मापात बसणारी फाईल निवडली. आता बाई, एकाच छातीच्या मापाचे दोन शर्ट असतात, एकाला अस्तर असतं, दुसऱ्याला नसतं, हे शिंप्याला मी सांगायचं का?

फाईल घातली. पाटी पांढरीफटक पडली आणि तशीच राहिली. भाऊजी तिच्याहून पांढरे.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही यात काही बदल केला होता का?"

"बदल करणं हा माझा धंदा आहे," भाऊजी ताठ मानेनं म्हणाले.

"मग सर, आम्ही यात काही करू शकत नाही."

धाकटी चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे हो. नाहीतरी किती दिवस वाचणार होते मी." आणि उठून चहा टाकायला गेली. भाऊजी टेबलावरचे खडूचे आकडे पुसत बसले. पुसून झाले तरी पुसतच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि वाचनालयातून त्याच कादंबरीची छापील प्रत आणली. धुवायच्या सूचनांची चिठ्ठी सोडून या माणसानं आयुष्यात काही वाचलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी नाकावर सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. आणि सवयीला औषध असतं का? डोंगराचं दीड पान वर्णन आलं, तर "डोंगर होता" म्हणून मोकळे.

"एवढंच?" धाकटी विचारायची.

"बाकीचं ढगळ होतं. आत घेतलं."

इन्स्पेक्टरच्या कोटाला लेखकानं चार बटणं दिलेली. भाऊजी थांबले. "पोट सुटलेल्या माणसाला चार बटणं? दोन वाचतो."

"अहो, आहे ते वाचा ना!"

मी म्हटलं, "अगं, घड्याळजीला जिवंत नाही केला हे नशीब समज."

सकाळी दुकान उघडायच्या आधी भाऊजी इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या विनवण्या करत. एकानं मॉडेल विचारलं, तर यांनी त्याला इंच कळवले. तो बिचारा बहुधा अजून हसत असेल. शेवटी कुणीतरी दया येऊन सांगितलं, आधी कंपनीच्याच साईटवरून तिचं मूळ सॉफ्टवेअर उतरवून परत घाला, पाटी शुद्धीवर येईल. म्हणजे ज्या कंपनीला जन्मभर नावं ठेवली, तिच्याच पायाशी जाऊन बसले. पाटी जागी झाली. मग खोक्यावरचा नंबर तीनदा वाचून त्यांनी योग्य ती फाईल घातली. अक्षर वाढलं. कोटाच्या बटणाएवढं झालं! पानावर ओळी मावत होत्या फक्त पाच.

भाऊजींनी पाटी धाकटीच्या मांडीवर ठेवली आणि श्वास रोखून उभे राहिले. तिनं इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आणि पाटी बाजूला सारली.

"मला नाही बाई जमत हे. कंपनीचं साधं होतं, तुमच्या यात शंभर खुणा. तुम्हीच वाचा आपलं पुस्तकातून."

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं.

आणि मग एका दुपारी मी न सांगता गेले. बघते तर काय, बाईसाहेब खिडकीशी पाटी धरून बसल्यात आणि पानं उलटतायत भराभर! मला बघून ओठांवर बोट.

"दिसतंय तुला!"

"हळू. चार दिवस झाले. संपत आलं माझं."

"मग सांगत का नाहीस त्यांना?"

"सांगितलं की संध्याकाळी वाचणं बंद होईल," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानातून दिवसाउजेडी घरी यायला लागलेत, ताई."

"ताकाला जाऊन भांडं लपवतेस होय! पण ते काय बोललेत माहितेय? तुझ्यासाठी खुणा कमी करायच्या म्हणून रविवारी पुन्हा उसवणार आहेत पाटी."

ते ऐकून मात्र तिचा हात पाटीवर घट्ट बसला.

शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम गेले. शेवटचं प्रकरण होतं. भाऊजी वाचता वाचता अडखळले, पुढचं पान डोळ्यांनी चाळलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "इन्स्पेक्टर म्हणाला, विषारी टाचणी घड्याळजीच्या कोटात लावणारा खुनी आहे... गावचा डॉक्टर."

"डॉक्टर कुठला?" धाकटी उसळली. "शिंपी! शिंपी आहे तो! टाचण्या डॉक्टर लावतो होय कोटाला?"

भाऊजींनी पुस्तक खाली ठेवलं. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तू वाचलंस?"

"हं."

"पाटीवर? सगळं दिसतं?"

"पाच ओळी. स्पष्ट." आणि मग, "अहो, रविवारी हात लावू नका तिला. आहे तशी छान बसलीय मला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाला असं म्हणालं असेल असं नाही, गिऱ्हाइकं रोज म्हणतात. पण भाऊजी त्या बुटक्या खुर्चीतूनही ताडकन उठले. त्यांनी तिच्या उशीखालून डोकावणारी पाटी काढली, नीट पुसली आणि तिच्या हातात दिली.

"मग तूच वाच. पण सांगतो, शिंपी असं करणार नाही. टाचणी म्हणजे आमची भाकरी आहे."

"ऐका तर खरं," म्हणून धाकटीनं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. पाच ओळी, मग पान, पुन्हा पाच ओळी. शिंप्याला बेड्या पडेपर्यंत भाऊजी दर पानाला वकिली करत होते, आणि मी चहा मागितलेला कुणाला ऐकूच गेला नाही.